मेपलच्या रसाच्या नळ्या: ढाळ, झोळ आणि गळती

उतरंड

मेपलचा रस आटवून पाक करायचा, पण तो बादल्यांत न धरता नळ्यांनी उतरवू म्हणणाऱ्यांसाठी हा धागा. व्हरमाँट, न्यूयॉर्कचा उत्तर भाग, ओंटारियो, क्युबेक इथे घरामागे शुगर मेपल असलेले बरेच मराठी लोक आहेत, पण नळ्यांची जोडणी मराठीत एका जागी लिहिलेली सापडत नाही. चर्चा हवेत राहू नये म्हणून एक नेमकी जागा समोर ठेवतो.

उत्तर व्हरमाँट, आग्नेयेकडे उतरणारी टेकडी. १६० तोट्या (झाडाला भोक पाडून ठोकतात त्या, रस यांतूनच येतो) बसतील इतकी झाडं, बहुतेक शुगर मेपल, थोडे रेड मेपल. सगळ्यात वरचं झाड आणि पायथा यांच्यात उंचीचा फरक ४५ फूट, आडवं अंतर ४०० फूट. पायथ्यापासून टाकीपर्यंत १५० फूट जमीन जवळपास सपाट. टाकीचं तोंड जमिनीपासून ४ फुटांवर. जंगलात वीज नाही.

प्रश्न असे: नळी ३/१६ इंची घ्यावी की ५/१६ इंची? एका नळीवर किती तोट्या? सपाट १५० फुटांचं काय करायचं? आणि हंगाम सुरू झाल्यावर गळती शोधायची कशी?

मापाचं एक. आपल्याकडच्या प्लंबरच्या भाषेत ३/१६ म्हणजे दीड सूत, ५/१६ म्हणजे अडीच सूत. धाग्यात हेच शब्द वापरू, अपूर्णांक लिहून हात दुखतात.

गिरमिट

नळीचा प्रश्न नंतर. आधी जमीन मोजा.

पानं गळल्यावर आणि बर्फ साचायच्या आत, ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर हा काळ त्यासाठी चांगला. पानं असताना ढाळ दिसत नाही, आणि बर्फात खड्डे झाकले जातात.

ज्यांनी गावाकडे ठिबक बसवलंय त्यांना लॅटरल (झाडाझाडांतून जाणारी बारीक नळी), मेनलाइन (या नळ्या जिला मिळतात तो मोठा पाइप), सॅडल (दोन्हींमधला जोड) हे शब्द नवे नाहीत. फक्त डोक्यात सगळं उलटं करून घ्यायचं. ठिबकमध्ये पाणी दाबाने बाहेर जातं, कुठे फुटलं तर चिखल होतो आणि लांबूनही दिसतं. इथे नळीच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. फुटलेल्या जागी रस सांडत नाही, हवा आत शिरते. जमीन कोरडी राहते आणि त्या नळीवरची सगळी झाडं गुपचूप कमी द्यायला लागतात. या जोडणीत निम्मं काम ढाळाचं आणि निम्मं हवा अडवण्याचं.

मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंड्याची लेव्हल ट्यूब, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, ५० फूट लांब असली की पुरते. (दुपारी मोजा, सकाळी त्यातलंच पाणी गोठलेलं असतं.) टाकीच्या तोंडाच्या उंचीपासून उलटं वर चढत जा. दर ५० फुटांना १ फूट उंची वाढवत झाडांवर रंगीत फीत बांधा. हा झाला २ टक्के ढाळ, मेनलाइनसाठी किमान. ३ ते ५ टक्के मिळत असेल तर तो घ्या. नजरेच्या अंदाजावर जाऊ नका. टेकडीच्या पायथ्याशी डोळा हमखास फसतो, चढ असतो तिथे उतार वाटतो.

त्याच फेरीत झाडांचा घेर मोजा. छातीच्या उंचीवर ३८ इंच घेर म्हणजे १२ इंच व्यास, तिथे एक तोटी. ५७ इंच घेर, म्हणजे १८ इंच व्यास झाला की दुसरीचा विचार. १२ इंचांखालचं झाड सोडून द्या. काही जण १० इंचांवरही भोक पाडतात, पण मंद वाढणाऱ्या झाडाला ती जखम जड जाते.

दीडसुती

या जागेला दीड सुती नळी, दुसरा विचारच नको. ४५ फूट उतार आणि वीज नाही, हे वर्णन दीड सुतीसाठीच केल्यासारखं आहे.

कारण समजून घ्या, नाहीतर चुकीच्या जागी लावाल. अडीच सुती नळीत रस तळाशी ओघळत जातो आणि वरून हवा मोकळी असते. दीड सुती नळी इतकी अरुंद की रसाचा स्तंभ तुटत नाही, नळी भरून उतरतो. तो स्तंभ स्वतःच्या वजनाने खाली ओढला जातो आणि वर पोकळी तयार होते. या पोकळीची ओढ म्हणजे व्हॅक्यूम, तो पाऱ्याच्या स्तंभाच्या इंचांत मोजतात: दर १ फूट उंचीला साधारण ०.८८ इंच पारा. ३० फूट उतार म्हणजे २६ इंच. त्यापुढे फार वाढत नाही, कारण हवेचा दाबच समुद्रसपाटीला ३० इंचांच्या आत आहे आणि दर हजार फुटांना त्यातला सुमारे १ इंच कमी होतो. पंप नाही, बॅटरी नाही, आवाज नाही. व्हरमाँट विद्यापीठाच्या विस्तार सेवेतल्या टिम विल्मट यांनी ही पद्धत तपासून लोकांपर्यंत नेली.

फायदा किती? व्हॅक्यूम १ इंचाने वाढला की रस साधारण ५ ते ७ टक्के वाढतो. २० इंच मिळाले तर रस दुपटीच्या आसपास जातो.

लोक गोंधळतात ते इथे: एखाद्या तोटीवर किती व्हॅक्यूम मिळेल हे त्या तोटीच्या खाली किती उतार शिल्लक आहे त्यावर ठरतं. टेकडीच्या माथ्यावरच्या झाडाला खाली ४० फूट आहेत, त्याला भरपूर. पायथ्यापासून १० फूट उंचीवरच्या झाडाला जेमतेम ९ इंच. म्हणून झाडं वर आणि मोकळा उतार खाली, ही आदर्श जागा. झाडं सगळी तळाशी आणि वर नुसता डोंगर, तर त्या डोंगराचा उपयोग शून्य.

एका नळीवर २० ते २५ तोट्या ठेवा. ३५ च्या वर घर्षण सगळा फायदा खातं. फार कमी ठेवूनही चालत नाही. पाच-सहा तोट्यांचा रस स्तंभ भरून ठेवायला पुरत नाही, नळीत रसापेक्षा वायूचे बुडबुडे जास्त होतात. १६० तोट्यांना ७ नळ्या.

वरचं टोक पूर्ण बंद. हवा जायला वाट ठेवायची ही बादलीवाल्यांची सवय इथे घातक आहे.

अडीचसूत

दीडसुती, पहिल्या दोन वर्षांचं वर्णन बरोबर आहे. तिसऱ्या वर्षाचं कोण सांगणार?

दीड सुती नळी तुंबते. रस म्हणजे २ टक्के साखरेचं पाणी, जिवाणूंना पंगत. हंगामाच्या शेवटी हवा गरम झाली की नळीच्या आत बुळबुळीत चिकटा धरतो. त्यात भोक पाडताना राहिलेला लाकडाचा कीस अडकतो. आणि अडकतो तो नळीत नव्हे, टीमध्ये (तीन तोंडांचा जोड, तोटीची नळी इथे लॅटरलला मिळते) आणि जोडात, कारण जोडाचं आतलं भोक नळीपेक्षाही लहान असतं. अडीच सुती नळीचं आतलं क्षेत्रफळ दीड सुतीच्या पावणेतीन पट आहे, तिथे हाच चिकटा खपून जातो. दीड सुतीत एक टी अर्धी तुंबली की तिच्या वरच्या सगळ्या झाडांचा व्हॅक्यूम गेला. बाहेरून काहीच दिसत नाही, लोक म्हणतात यंदा हवामान वाईट होतं.

पर्याय दोन. पहिला, मिश्र जोडणी: झाडांमधून फिरणारी लॅटरल अडीच सुती, आणि शेवटच्या झाडाखाली जो निव्वळ उतार आहे तेवढाच तुकडा दीड सुती. टी सगळ्या मोठ्या भोकाच्या राहतात आणि स्तंभ खालच्या तुकड्यात तयार होतो. पण यासाठी झाडांखाली मोकळा उतार हवा. या जागेत झाडं अगदी पायथ्यापर्यंत असतील तर हे जमणार नाही.

दुसरा, दीड सुतीच घ्या पण दरवर्षी धुवायची तयारी ठेवा. ती नसेल तर घेऊ नका.

दीडसुती

धुण्याबद्दल पूर्ण सहमत, ते आधीच लिहायला हवं होतं. हंगाम संपल्या दिवशी, नळीत अजून ओल असतानाच धुवायचं. एकदा चिकटा वाळला की निघत नाही.

कॅल्शियम हायपोक्लोराइट वापरा, साधं ब्लीच नको. ब्लीचमधल्या सोडियममुळे मागे मीठ राहतं आणि खारी ते चाटायला येऊन नळ्या कुरतडतात. ६५ टक्के शक्तीची पूड १०० लिटर पाण्याला ६२ ग्रॅम घेतली की सुमारे ४०० पीपीएमचं (दहा लाख भागांत ४०० भाग) द्रावण होतं. पूड पाण्यात टाकायची, पाणी पुडीवर नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि जवळपास कुठलंही आम्ल नको. अन्नाच्या नळ्यांसाठी वापरायला परवानगी आहे का ते डब्याच्या लेबलवर आधी बघा.

पद्धत: सगळ्यात वरच्या झाडापासून सुरुवात. तोटी उपटायची, लगेच द्रावणाच्या भांड्यात बुडवायची. नळीतला व्हॅक्यूम द्रावण स्वतःच ओढून घेतो. हात-दीड हात लांबीचं द्रावण आत गेलं की तोटी बाहेर काढून टीच्या खुंटीवर (टीवरच असलेल्या बंद खुंटीवर) दाबून बंद करायची आणि पुढच्या झाडाकडे. सगळ्या झाल्या की खालचं टोक बंद करून द्रावण काही मिनिटं आत राहू द्या, मग सोडा. १०० फूट दीड सुती नळीत फक्त अर्धा लिटर मावतं, त्यामुळे द्रावण फार लागत नाही. पुढच्या हंगामात पहिला रस टाकीत घ्यायचा नाही, जमिनीवर सोडायचा.

तारवाला

सपाट १५० फुटांकडे कुणी वळेना, म्हणून मी लिहितो.

हिशोब सरळ आहे. १५० फुटांना २ टक्के म्हणजे ३ फूट. टाकीचं तोंड ४ फुटांवर, तर पायथ्याशी मेनलाइन ७ फुटांवर येते. ७ फुटांवरच्या मेनलाइनला पायथ्याजवळची झाडं जोडताच येत नाहीत, त्यांच्या तोट्या तिच्याखाली जातात. शिवाय दुरुस्तीला दरवेळी शिडी. म्हणून टाकी खाली आणा. आडवी, बुटकी टाकी घेतली किंवा दोन फूट खणून बसवली आणि तोंड २ फुटांवर आलं, तर पायथ्याशी मेनलाइन ५ फुटांवर राहते. हे जमतं. बर्फ ३ फूट साचला तरी ती वर राहते.

मेनलाइन पाऊण इंची पुरे. हिशोब करून बघा: चांगल्या दिवशी एका तोटीला २ गॅलन, १६० तोट्यांना ३२० गॅलन, आठ तासांत वाहिले तर मिनिटाला पाऊण गॅलनच्या आत. पाऊण इंची पाइप २ टक्क्यांवर हे सहज वाहून नेतो. टाकीही याच हिशोबाने, तोटीमागे २ गॅलन, म्हणजे सव्वा हजार लिटरच्या आसपास.

मेनलाइन आधाराशिवाय कधीच टांगू नका. आधी तार:

१. १२.५ गेजची हाय टेन्साइल तार. साधी बांधकामाची तार ताणली की लांबत राहते आणि जानेवारीत झोळ पडतो.

२. दोन्ही टोकांना जाड झाडं किंवा रोवलेले खांब. झाडाला तार थेट गुंडाळायची नाही. खोड आणि तार यांच्यामध्ये लाकडाचे ठोकळे उभे ठेवा, नाहीतर तार सालीत रुतते आणि पाच-सात वर्षांत झाडाचा गळा आवळते.

३. एका टोकाला रॅचेट (तार ताणून धरणारी दातेरी कळ). तार हाताने टणक लागेपर्यंत ताणा.

४. मधल्या झाडांना बाजूचे ताणे देऊन तार फितीच्या खुणेवर आणा. ताणे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. सगळे एकाच बाजूला दिले तर तार धनुष्यासारखी वाकते.

५. मग पाइप तारेखाली धरून दर १२ ते १५ इंचांवर बांधणीची तार. पाइप थंड दिवशी बांधा. पॉलिथिलीन १० अंशांच्या फरकाने १०० मीटरमागे सुमारे १५ सेंटिमीटर लांबतं-आखडतं. कडक थंडीत आखडलेला बांधला तर मार्चच्या उन्हात दोन बांधण्यांमध्ये साप होतो, आणि प्रत्येक वळशात रस साचून रात्री गोठतो. भर उन्हाळ्यात बांधला तर हिवाळ्यात आखडून जोड उपसतो. पाच-दहा अंशांचा दिवस बरा.

झोळ का वाईट तर हेच. साचलेला रस गोठतो, दुसऱ्या दिवशी टेकडीवर दहा वाजता रस सुरू होतो आणि तुमचा सावलीतला झोळ दोन वाजता सुटतो. चार तास गेले.

उतरंड

टाकी खाली घेण्याचा मुद्दा लक्षातच आला नव्हता. आभार.

एक उपप्रश्न. दीड सुती नळ्या पायथ्याशी मेनलाइनला जोडल्या तर व्हॅक्यूम तुटणार नाही का? मेनलाइनमध्ये तर हवा असणार. की सातही नळ्या थेट टाकीपर्यंत न्याव्यात?

दीडसुती

तुटत नाही. व्हॅक्यूम तोटीपासून नळी हवेत उघडते तिथपर्यंतच्या उंचीवर. पायथ्याशी ५ फुटांवर उघडली तरी माथ्याला ४० फूट मिळतात, पुरेसे आहेत. थेट टाकीपर्यंत नेल्या तर शेवटच्या सपाट भागात घर्षणाची लांबी वाढते, आणि १५० गुणिले ७ म्हणजे हजार फूट नळी उगाच. फक्त मेनलाइनचं वरचं टोक खरंच मोकळं ठेवा, कीटक जाऊ नयेत इतपत जाळी लावून.

जोडताना दीड सुती नळीचं टोक सॅडलवर वरून उतरतं ठेवा.

गिरमिट

आता लॅटरल ओढण्याबद्दल, कारण खरी मेहनत तिथे जाते.

तीन शब्द पाठ करा: ताठ, सरळ, उतरती. लॅटरल वरच्या टोकापासून सुरू करा. शेवटच्या झाडाला वळसा, टोक एंड रिंगमध्ये अडकवून परत स्वतःलाच. मग रीळ घेऊन खाली उतरत जा. एका झाडाच्या डावीकडून, पुढच्याच्या उजवीकडून, असं नागमोडी. झाडाच्या खोडाशी होणारं घर्षणच नळी ताठ धरतं. खोडाभोवती पूर्ण वेढा मारायचा नाही. ताण शेवटी देऊ म्हणून ठेवू नका, दर दोन-तीन झाडांनंतर मागे जाऊन ओढून या. नीट ताणलेल्या नळीवर बोट मारलं तर ती थरथरते, झुलत नाही.

टी झाडाला चिकटून लावू नका. वाऱ्यात खोड हलतं आणि टी घासते. झाडापासून हातभर अंतरावर.

ड्रॉप, म्हणजे टीपासून तोटीपर्यंतची लोंबती नळी, ३० इंचांपेक्षा कमी नको, ३६ बरी. आखूड ड्रॉपने वर्षाला पाच डॉलर वाचतात आणि तीन वर्षांनी भोकासाठी जागा उरत नाही. जुन्या भोकाच्या वर-खाली लाकडात तपकिरी मेलेला पट्टा तयार होतो, भोकाच्या कितीतरी पट लांब. त्या पट्ट्यात पुन्हा भोक पाडलं तर रस येत नाही. लांब ड्रॉप असली तर खोडाभोवती पुरेसं फिरता येतं. दुसरं कारण, रात्री झाड गोठायला लागलं की ते उलटं ओढतं. ड्रॉपमधला जिवाणूंनी भरलेला रस परत भोकात जातो आणि भोक लवकर सुकतं. ड्रॉप लांब असली तर जुना रस तेवढा दूर राहतो. चेक व्हॉल्व्हच्या तोट्या, आत छोटा गोळा असलेल्या, याच कारणासाठी काढल्या आहेत. तोटी कुठलीही घ्या, ती दरवर्षी नवी. सगळ्या जोडणीत सगळ्यात स्वस्त भाग तोच आहे, आणि जुनी तोटी वापरण्याइतकी महाग काटकसर दुसरी नाही.

सामान १६० तोट्यांना: तोट्या १७० (दहा हरवतातच), टी १७०, ड्रॉपसाठी ५०० फुटी रीळ १, लॅटरलसाठी झाडामागे सरासरी २० फूट धरून ३२०० फूट म्हणजे रिळं ७, एंड रिंग ७, सॅडल ७ अधिक २ जादा. ड्रॉप सगळ्या घरी, उबेत बसून, तोटी आणि टी लावून तयार करून न्या. जंगलात गार बोटांनी टी बसवणं म्हणजे शिक्षा.

नळी टीवर चढवायला दोन हातांची नळीची पक्कड मिळते, ती घ्याच. नसेल तर थर्मासमध्ये गरम पाणी, टोक पाच सेकंद बुडवून लगेच चढवायचं. लायटरने तापवू नका. नळी एका बाजूने पातळ होते आणि नेमकी तिथून हवा घेते. नळी टीच्या शेवटच्या काट्यापर्यंत चढली पाहिजे. अर्धवट चढलेली नळी बसल्यासारखी दिसते, पहिल्या कडक थंडीत सुटते.

पानगळ

तोटी ठोकण्याबद्दल लिहा ना कुणीतरी. अर्ध्या गळत्या तिथेच असतात.

अडीचसूत

खरंय.

५/१६ चं धारदार बिट, मेपलसाठीच मिळतं. बोथट बिट लाकूड कापत नाही, चुरगाळतं, आणि भोकाची भिंत खडबडीत राहते. खोली दीड ते दोन इंच, साल धरून. बिटवर नळीचा तुकडा चढवून खोलीची खूण करा, मग अंदाजाने पाडावं लागत नाही. भोक आत किंचित वर चढतं, म्हणजे रस बाहेर उतरतो. ड्रिल सरळ आत, सरळ बाहेर, फिरत असतानाच बाहेर. आतबाहेर घासलं की भोक लंबगोल होतं, आणि गोल तोटी लंबगोल भोकात हवा घेणारच.

कीस बघा. पांढरट, ओलसर आला तर जिवंत लाकूड. तपकिरी आला तर जुना पट्टा लागला, तिथे तोटी ठोकू नका, दुसरी जागा. जुन्या भोकापासून बाजूला निदान २ इंच आणि वर-खाली ६ ते १२ इंच सोडा, एकाच उभ्या रेषेत कधी नाही. उरलेला कीस तोंडाने फुंकून काढायची सवय मोडा, तोंडातले जिवाणू थेट जखमेत जातात.

ठोकताना हलका हातोडा. दोन-तीन टिचक्या, आवाज टकटकचा ठक झाला की थांबा. त्यापुढच्या घावाने लाकूड उभं चिरतं. चीर केसाएवढी असते, पण व्हॅक्यूमला तेवढी पुरते. गोठलेल्या लाकडात तर हमखास चिरतं, म्हणून तापमान शून्याच्या वर असेल तेव्हाच.

एक चूक नेहमीची: भोकं जानेवारीतच पाडून मोकळं होणं. रात्री शून्याखाली चार-पाच अंश आणि दिवसा वर चार-पाच, असा रतीब सुरू झाला की रस येतो. उत्तर व्हरमाँटमध्ये तो बहुधा फेब्रुवारी अखेर ते मार्च.

उतरंड

जोडणी समजली. आता गळती. समजा नळीच्या वरच्या टोकाला व्हॅक्यूम मोजायचा गेज लावला, हिशोबाने २० च्या वर हवा, आणि दाखवतोय ८. सुरुवात कुठून?

दीडसुती

गेज वरच्या टोकालाच, हे बरोबर. सातही नळ्यांना एकेक गेज लावा, महाग नसतात.

आधी रस खरंच वाहतोय का ते बघा. सकाळी स्तंभ भरायला वेळ लागतो, साडेनऊला ८ आणि बाराला २२ हे अगदी सामान्य आहे. बारालाही ८ असेल तर नळीच्या बाजूने चालत जा आणि बुडबुडे बघा. लाकडातून थोडा वायू नेहमी येतो, त्यामुळे अधूनमधून लहान बुडबुडे, सगळे एका संथ चालीने उतरत असतील तर काळजी नको. ज्या टीपाशी बुडबुड्यांची सलग माळ सुरू होते आणि झपाट्याने खाली पळते, ती तुमची जागा. खालून वर चालत या. माळ दिसत राहते तोवर गळती अजून वर आहे. माळ संपली की मागचं झाड.

बुडबुडे नाहीत आणि तरीही व्हॅक्यूम नाही, तर गळती नव्हे, तुंबणं. रस हलतच नसतो. एकेक टी उघडून बघावी लागते, कीस अडकलेला असतो.

तारवाला

यात कानाचा वापर राहिला. वारा नसलेल्या दिवशी तोटीपाशी कान नेला तर हवा घेणारी तोटी सुईसारखी शिटी वाजवते. दोन बोटांनी तोटी दाबून शिटी थांबली तर एकच हलकी टिचकी. थांबली नाही तर चीर आहे. मग ठोकत बसू नका, ठोकाल तितकी वाढते. त्या वर्षी ती तोटी काढा आणि ड्रॉप टीच्या खुंटीवर बंद करा.

खारींच्या दातांच्या खुणा बहुतेक टी आणि तोटीजवळ. नळी कुरतडलेली असेल तर तो इंचभर तुकडा कापून जोड लावा. चिकटपट्टी गुंडाळू नका, थंडीत ती सुटते. मूस आणि हरणं नळी खात नाहीत, अंगाने तोडतात, ती तुटलेली लांबूनच दिसते. जोराचा वारा होऊन गेला की दुसऱ्या दिवशी पूर्ण चक्कर मारा, पडलेल्या फांद्या नळीला दाबून ठेवतात.

पानगळ

पुढेमागे वीज आली तर? पंप?

अडीचसूत

१०० तोट्यांना १ सीएफएम (मिनिटाला १ घनफूट हवा ओढणं) हा जुना हिशोब. १६० ला २ सीएफएमचा पंप आणि रिलीजर लागेल. रिलीजर म्हणजे व्हॅक्यूम न सोडता रस बाहेर काढणारं भांडं. पण मग जोडणीच बदलते. लॅटरल अडीच सुती आखूड, पाच तोट्या उत्तम, दहाच्या वर नाही, आणि मेनलाइन टेकडीत वरपर्यंत न्यावी लागते, तीही बंद तोंडाची. म्हणून ठरवायचं असेल तर आत्ताच ठरवा. दीड सुतीची मांडणी नंतर पंपाला नीट बसत नाही.

१२ व्होल्टचे छोटे डायफ्रॅम पंप बॅटरीवर चालवणारे लोक आहेत. चालतात, पण रात्री पंपाच्या डोक्यातला रस रिकामा केला नाही तर सकाळी डोकं फुटलेलं. आणि कोरडे पडले की ओढत नाहीत, थोडा रस फिरवत परत पंपात सोडणारी छोटी नळी जोडावी लागते.

या जागेला माझंही मत आता दीड सुतीच. फक्त धुवा.

दीडसुती

:-)

गिरमिट

रसाचं एक राहिलं. नीरा जशी सकाळी उतरवून लगेच थंड ठेवावी लागते, तसाच हा. टाकी सावलीत, उत्तरेच्या अंगाला. ४ अंशांखाली, आणि २४ तासांत चुलीवर. टाकी, जोड, व्हॉल्व्ह सगळं अन्नासाठीचं प्लास्टिक किंवा स्टेनलेस. जुना पितळी कॉक किंवा डाग दिलेला जोड लावू नका, त्यात शिसं असू शकतं आणि आटवताना तेही चाळीस पटीने घट्ट होतं.

उतरंड

शेवटचं विचारतो. टेकडी आणि टाकी यांच्यामधून स्नोमोबिलची वाट जाते, मेनलाइन तिच्यावरून ५ फुटांवर. हे चालणार नाही ना?

तारवाला

अजिबात नाही. ५ फुटांवर तार म्हणजे चालवणाऱ्याच्या गळ्याशी. हे आधी सांगायला हवं होतं, सगळी आखणी यावरच ठरते.

आधी वाट कुणाची ते बघा. स्वतःची असेल तर ती टाकीच्या पलीकडून वळवा, हाच खरा उपाय. क्लबची असेल तर त्यांच्याशी बोलून, पानगळीतच. वाट वळत नसेल तर टाकी वाटेच्या अलीकडे, पायथ्याशीच ठेवा, आणि तिथून रस पंपाने किंवा गाडीवरच्या टाकीतून न्या. मग तुमचा सपाट १५० फुटांचा प्रश्नही राहत नाही, फक्त पायथ्यापर्यंत गाडी जाईल का ते पाहा.

उतरंड

गाडी जाते. मग टाकी पायथ्यालाच. मेनलाइनची तार रद्द, सातही नळ्या थेट टाकीत. तोंड २ फुटांवर धरून पुन्हा लेव्हल ट्यूब लावतो.

दीडसुती

नळ्यांची टोकं टाकीत रसाच्या पातळीच्या वर ठेवा. बुडलेली राहिली तर रात्री झाडं टाकीतलाच रस परत ओढतात.